शहरवालीची जागा

मागच्या महिन्यात गेलेली शोभा माझ्या काकांची मुलगी. आम्ही दोघी एकाच वर्षी जन्मलो, आणि शहरात शिकवायची घराची ऐपत मात्र एकीचीच. माझे वडील, आप्पा, लातूरला आडतीत हमाली करायचे, काका औशाजवळच्या आमच्या गावात कपडे शिवायचे. दुसरीनंतर आप्पांनी मला लातूरच्या शाळेत घातलं. शोभा ओट्यावर बसून रडली. मला लई बरं वाटलं होतं...

मग भूकंप झाला. काकांचं घर पडलं, शोभाची शाळा पत्र्याच्या शेडात भरू लागली. पाचवीत दोघींनी सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा दिली. निवड झाली तर बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं फुकट. आणि परीक्षा आयुष्यात एकदाच. आकृत्यांचे प्रश्न तिला सुट्टीत मीच शिकवले. निवड तिची झाली. मास्तरांनी आप्पांना समजावलं, "बहुतेक जागा खेड्यातल्या लेकरांना असतात. तिसरी ते पाचवीत एक दिवस जरी शहराच्या शाळेत काढला, तरी लेकरू शहरी धरतात." आप्पा म्हणाले, "म्हंजी म्याच शहरात नेऊन हिची जागा घालवली की."

शोभा तिथं शिकली, डी.एड. झाली, पुढं नांदेडला त्याच परीक्षेचा क्लास काढला. मी लातुरात राहून बी.ए. केलं. घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि हे मी कुणालाही सांगते. पण सणाला ती आली की सगळे तिच्याभोवती. "काय अक्का, शहरवाली," ती हसून म्हणायची, आणि माझा घास कडू व्हायचा.

ती गेल्यावर नांदेडला तिच्या घरी गेले, तर भरल्या बैठकीत धर्माबादकडच्या एक बाई बसलेल्या. म्हणाल्या, "आम्ही पोरगी इथल्या शाळेत आणून घालणार होतो. म्याडमच न्हाई म्हणल्या. ‘गावातच शिकू द्या, रविवारी क्लासला आणा. माझ्या अक्काची जागा अशीच गेली. माझ्याहून हुशार होती,’ म्हणल्या."

मला हे ती कधी बोलली नाही. एवढी माणसं तिच्यासाठी रडत होती, आणि मला तिथंही हेवाच वाटला... नुकसान माझं, नाव तिचं. भिंतीलगत तिची शिकवायची खुर्ची होती, पाठीवर ओढणी तशीच. त्या खुर्चीत कुणी बसत नव्हतं. मी बसले.

"मग पोरीचं काय झालं?" मी विचारलं.

"नंबर लागला की," बाई म्हणाल्या. "सहावीला हाय निवासी शाळेत."