जखमेतला फेस

सातवीत शाळा सुटली, आणि पुढे काही वर्षांनी मी परभणीकडून मुरबाडला येऊन एका बेकरीत कामाला लागलो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. तिथली दुपार मला अजून स्वप्नात दिसते. भट्टी निवत आलेली, ओल्या फडक्याखाली पीठ हळूहळू चढतंय, आणि त्या आंबूस उबेत माणसांचं बोलणंही जडावलेलं. वाटायचं, पीठच झोपेत श्वास घेतंय.

माझी धाकधूक मात्र कधी झोपायची नाही. माझं काम पीठ मळण्याचं. हात चालतात तोवर इथं जागा, असं मी धरूनच चाललो होतो. हात थांबला की गावची गाडी.

अशाच एका दुपारी तुपाचा डबा उघडताना पत्र्यानं तळहात चिरला. त्याच हातानं नुकतंच यीस्ट पाण्यात कुस्करलं होतं, बोटांना चिकटलेलंही होतं. मालकांची सून धावत आली. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. माहेर किन्हवलीचं, बारावी सायन्स झालेली. तिनं बाटलीतलं जखम धुवायचं पेरॉक्साइड ओतलं, आणि जखमेतून पांढरा फेस फसफसून वर आला.

बादलीत यीस्ट जागं झालं की अगदी असाच फेस यायचा. मी मनगट घट्ट धरून ओरडलो,

"वहिनी, यीस्ट आत शिरलं! आता हात फुगणार!"

भट्टीवरचे काका जवळच्याच वैशाखरे गावचे. ते जागचे हललेसुद्धा नाहीत. "फुगू दे रे. भट्टीत सारू, चार पाव तरी निघतील."

"काका, तुमी गप बसा," वहिनी हसू दाबत म्हणाली. तिनं यीस्टच्या तुकड्यावर दोन थेंब टाकले. तो फसफसला. झालं, माझी खात्रीच पटली. मग तिनं लांब फरशीवर सांडलेल्या माझ्या रक्ताच्या थेंबावर औषध टाकलं. तिथं यीस्टचा कणही नव्हता. तरी फेस आला.

"बघ. यीस्ट श्वास घेतं ना, तेव्हा त्याच्या आत या औषधातलंच विष थोडं थोडं तयार होतं. ते मोडायला त्याच्याकडं कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं. विषाचं पाणी करतं आणि ऑक्सिजन सोडतं. तोच हा फेस. तुझ्या रक्तातपण तेच हाय. घाबरायचं काय नाय."

मी त्या थेंबाकडे बघत राहिलो. नुसतं जगायचं म्हटलं तरी आत विष तयार होतं, आणि कुणीतरी न बोलता त्याचं पाणी करत बसतं. फडक्याखालच्या पिठात, माझ्या हातात, त्या सुस्त दुपारी सगळीकडे तेच चाललेलं. मला गुंगी आल्यासारखं झालं.

मालक आले तशी गुंगी उतरली. त्यांनी पट्टी पाहिली. "मळायला जमेल?"

"जखम भरेपर्यंत नाय," वहिनीनंच सांगितलं.

मी खाली मान घातली. मनात पिशवी भरायलाही घेतली होती.

"मग गल्ल्यापुढं उभा राहा," मालक म्हणाले. "एका हातानं पुडा बांधता येतो ना?"

"येतो," मी म्हणालो.

कुठला येतोय! पहिल्याच पुड्याचा दोरा सुटला. काका भट्टी सोडून आले, माझ्या बोटाखालून दोरा ओढून गाठ मारली आणि म्हणाले, "बोट काढ आता. नायतर तेपण गिऱ्हाइकाबरोबर जाईल."