ॲपवर पोहोचलेली पिल्लं

नवापूरच्या हॅचरीतली पिल्लं पोहोचवणाऱ्या आम्हा ड्रायव्हरांना दोन गोष्टी चिकटतात, पिसं आणि किस्से. पिसं झटकता येतात. गेल्या उन्हाळ्यातले किस्से आठवले की मात्र अजून डोकं फिरतं!

हॅचरीने कुठल्याशा कंपनीचं नवंकोरं मॅप ॲप घेतलं. "ह्यात जिल्ह्यातला एकेक पाडा आहे!" साहेब म्हणाले. ॲपचा रस्ता सोडला की ऑफिसात घंटा वाजणार आणि आमचा खाडा लागणार.

पहिला बकरा आमचा भिकाभाऊ. ऑर्डर ब्राह्मणपुरीची. ॲपने त्याला शहाद्याच्या एसटी स्टँडात नेलं आणि 'तुम्ही पोहोचलात' म्हणून जाहीर केलं. तो डोक्याला हात लावून बसला, तर एक म्हातारी पिशवी घेऊन खिडकीशी हजर.

"भाऊ, हाई गाडी ब्राह्मणपुरीले कव्हय जाई?"

मला तर ॲपने केळीच्या बागेत घातलं. मालक काठी घेऊन धावला. मी मोबाइल पुढे केला. "मन्ही चूक नही भाऊ, हाऊ सांगी ऱ्हायना!"

"मंग ज्यानी बनाडा त्याले लई ये आठे!"

बरोबरच होतं त्याचं, ॲप बनवणाऱ्यालाच तिथे आणून उभं करायला हवं होतं. आम्ही साहेबांकडे गेलो. "ॲप चुकत नाही, ड्रायव्हर चुकतात." एसीत बसून बोलायला काय जातं!

मग सुनीताबाईंची पाळी आली. त्या डोंगरातल्या पाड्यावरच्या. यंदा ऊसतोडीला गुजरातेत जायचं नाही, घरीच राहायचं, म्हणून त्यांनी कोंबड्यांची पहिली शेड उभी केली होती. ॲपने भिकाभाऊला धरणाच्या पाण्याच्या अलीकडे आणून सोडलं. शेड पलीकडे! वळसा घालून जाऊ का, असं त्याने साहेबांना फोनवर विचारलं.

"रूट सोडू नकोस. ॲपवर पोहोचलायस, तिथेच थांब."

तिकडून सुनीताबाईंनी ऑफिसला फोन केला. "साहेब, पिल्लं आली नाहीत."

"आलीत की! ॲपवर दिसतंय."

बाई रिकाम्या शेडमध्ये उभ्या होत्या. शेवटी घंटा वाजायची तर वाजू दे म्हणत भिकाभाऊ वळसा घालून गेला. तोवर उन्हात तापलेल्या खोक्यांतला चिवचिवाट थांबला होता. त्या साहेबाचं नाव निघालं की आजही माझ्या तोंडात शिवी येते.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः त्या शेडच्या पाहणीला निघाले, अर्थात ॲप लावून! मी सुनीताबाईंच्या अंगणात रिकामी खोकी गाडीत भरत होतो. भर उन्हात बाईंचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"बाई, ॲप म्हणतं मी पोहोचलो. पण समोर पाणीच आहे हो! रस्ता कुठून आहे?"

"ॲपवर दिसतंय ना साहेब? मग आलात तुम्ही. बसा!"

आणि बाईंनी फोन ठेवला.