डोक्यावरची पाटी आणि कानातलं हाड

लहानपणापासून माजे दोन्ही कान वाहायचे. आई तेलात लसूण कढवून कानात सोडायची. लग्न होऊन आले तवर ऐकणं गेल्यातच जमा. सासू ओरडायची ते मला नुसतं दिसायचं.

बोईसरला सुकी मासळी विकायला बसायची मी. गिऱ्हाईक भाव विचारी, मी तोंडाकडं बघत राही. धाकटी जाव शेजारी बसायची, तीच माज्या वतीनं बोलायची. कोण काय बोललं ते मला हातानं, तोंडानं समजवायची.

मंग पालघरच्या डॉक्टरनं मुंबईला धाडलं. तिथं उजवा कान उघडला. आतलं एवढंसं हाड सडलं होतं. ते काढून कानाच्याच कुरकुरीत हाडाचा तुकडा बसवला, नि कानामागची पातळ साल घेऊन नवा पडदा केला. महिन्याभरानं घरात ताटली पडली, नि मी दचकले. सासू माज्याकडं बघतच राहिली.

मुंबईच्या डॉक्टरनं बजावलं होतं, कानात पाणी जाऊ द्यायचं नाय, जोरात नाक शिंकरायचं नाय, तीन महिने वजन उचलायचं नाय. सगळं पाळलं. पाण्याची कळशीसुदिक उचलली नाय. पण मासळीची पाटी घेऊन निघाले. आमच्यात भरली पाटी आपली आपण उचलत नाय, दुसऱ्या दोघी उचलून डोक्यावर देतात. मला वाटलं, मी कुठं वजन उचलते?

आठ दिवसांत कान परत बंद.

डॉक्टर बोलला, हाड सरकलंय. काय उचललं, विचारलं. मी बोलले, काय नाय. जावेनं पाटीचं सांगितलं. आता हाकलतो, असंच वाटलं मला. तो उठून जवळ आला. मंग माज्या डाव्या कानाशी वाकून मोठ्यानं बोलला, "चूक माझी आहे, बाई. तुम्ही काम काय करता, ते मी विचारलंच नाही."

सहा महिन्यांनी परत कान उघडला. या वेळी जाव बोलली, पाटी मी नेते, तू नुसती चाल. तीन महिने ती दोघींची मासळी डोक्यावर घेऊन पुढं, नि मी मागनं मोकळ्या हातांनी. लाज वाटायची.

एक दिवस बाजारात शिरलो, तर पलीकडली एक बाई दुसरीला बोलली, "आली बघ शेठाणी, हमाल घेऊन."

जावेनं नेहमीसारखं वळून मला समजवायला हात उचलला. मी तो धरला.

"राहू दे," मी बोलले. "ऐकलं मी."