डब्यातला कडुलिंब

आमच्या वडूजच्या चर्चनं घरोघरी कडुलिंबाची रोपं वाटली, तेव्हा यादी माझ्याकडे होती. वर्षानं पाहणीला गेले, तर भाड्याच्या खोलीसमोर एक म्हातारी पदरानं रोपाचं एकेक पान पुसत होती. रोप कमरेएवढं झालं होतं, पण अजून तेलाच्या डब्यातच होतं.

"आजी, जमिनीत का नाही लावलं?"

"आवं बाई, मालक म्हनतो, झाड लावलंस तर उद्या जागाच मागशील. आता मुळं डब्यात मावंनात. तुमीच न्या ह्याला."

माझ्या यादीत नाव, गाव, रोप असे रकाने होते. लावायला जागा आहे का, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

रोज उन्हात न्यायची तसा डबा कडेवर घेऊन ती माझ्यासोबत आली, आणि रोप चर्चच्या आवारात लावलं. तिनं स्वतः मुळांवर माती लोटली आणि सवयीनं रिकामा डबा कडेवर घेऊन ती परत गेली.