कार्ड थोरल्याचं, नाव धाकटीचं

धाकटीला पहिलीत घालायला मी लसीकरणाचं कार्ड घेऊन अहेरीतल्या शाळेत गेलो, आणि ते निघालं थोरल्या मुलाचं. शाळेच्या बाबूंनी एकदा कार्डाकडे, एकदा पोरीच्या वेण्यांकडे पाहिलं. "भाऊ, हा तर दहावीत असायले पायजे."

माझ्यामागे एक बाई लेकीला घेऊन उभी होती. तिचं कार्ड पुरात गेलेलं. कार्डाशिवाय नाव लिहितात की नाही, हे तिला माहीत नव्हतं, मला नव्हतं आणि बहुतेक बाबूंनाही नव्हतं. तिनं पोरीची बाही सारली, दंडावरचा वण दाखवला आणि बोटांवर मोजू लागली. "हे जन्मली तवा. मंग धानाच्या रोवण्यात. मंग मोहफुलं वेचताना, तवा लय तापली. मंग दुसऱ्या साली तेंदूपत्त्यात, मी मजुरी सोडून आली होती."

"बाई, तारीख पायजे."

"तारीख कागदाले लागते, भाऊ. पोरीले तर टोचलं ना?"

बाबूंनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. "नाव लिहितो. नर्सबाईकडून दुसरं कार्ड आणजा."

कार्ड असून मी परत आलो, नसून तिचं काम झालं. हे कसं, ते बायकोला विचारलं.

ती म्हणाली, "ते जाऊ द्या. आपली धाकटी कोणत्या सुईनं तापली होती, सांगा बरं?"