मामांची अर्धी दाढ

झरीच्या आमच्या सासऱ्यांएवढा स्वतःच्या दातांवर विसंबलेला माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल. मी त्यांना मामा म्हणतो. पोत्याची सुतळी ते दातांनी तोडत, ऊस दातांनी सोलत आणि रागही दातांनीच व्यक्त करत. करकर ऐकू आली की अख्खं घर गप्प. धान्य वाळलं की नाही हेही त्यांची दाढच ठरवी. मोंढ्यात व्यापाऱ्याने ओलावा मोजायचं यंत्र पुढे केलं की मामा तुरीचे चार दाणे तोंडात टाकत, कट् आवाज काढत आणि म्हणत, "वाळलीय. तुमच्या मशीनला दाढा हायत का?" हमाल हसत. मामा हसत नसत.

एकदा तुरीच्या दाण्यांत खडा निघाला आणि त्याच दाढेचा अर्धा भाग तुटला. मी त्यांना मोटारसायकलवर परभणीला दवाखान्यात नेलं. त्यांच्या दुखण्यापेक्षा मला माझी रजा मोठी वाटत होती, हे कबूल करायला हवं. "काढूनच टाकू, मामा," मी म्हणालो. "या वयात एका दाढेसाठी कशाला खेटे घालायचे?"

"अर्धी शाबूत हाय. अर्धी भिंत पडली म्हणून तुमी घर सोडता का, जावईबापू?"

डॉक्टरबाई तरुण होत्या. दाढ तपासून म्हणाल्या, मूळ पक्कं आहे. तुटलेल्या भागापुरता तुकडा मापाने घडवून वर चिकटवू, त्याला ऑनले म्हणतात. मामांनी उघड्या तोंडानेच माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो.

पुढच्या खेपेला तुकडा बसला. उंच लागतो का ते पाहायला बाईंनी निळा कागद चावायला दिला, किंचित घासलं आणि म्हणाल्या, "आता बरोबर आहे, आजोबा."

"कागद तर लेकरू बी चावतंय," म्हणत मामांनी बंडीच्या खिशातून तूर काढली आणि कुणी हात धरायच्या आत तोंडात टाकली. कट्. डॉक्टरबाईंनी डोळे मिटून घेतले.

"वाळलीय," मामांनी निकाल दिला.

परतताना मी चिडून विचारलं, एवढा हट्ट कशासाठी? मामांनी पाठीमागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "तुमच्या मामीला दात न्हाईत. माझ्या मागून ती त्याच ताटात जेवती. भाकरीचा पापुद्रा तिचा, बुडाचा कडक भाग माझा. मला बी पापुद्राच लागायला लागला, तर तिनं काय खायचं?"

मी गाडी उगाच हळू केली.

मामींना जाऊन आता वर्ष होत आलं. दाढ ठणठणीत आहे. परवा झरीला मामांच्या शेजारी जेवायला बसलो होतो. त्यांनी भाकरीचा पापुद्रा अलगद सोडवला, ताटाच्या कडेला ठेवला आणि बूड कराकरा चावायला लागले.

"तोही घ्या की, मामा," मी म्हणालो.

"मला नरम चालत न्हाई," ते म्हणाले, आणि पापुद्रा तसाच ठेवून ताटावरून उठले.