सुपेला ते अहिवारा, एका अम्प्लिफायरसाठी

नाई, ऑनलाइन नाई मागवला. ज्या डब्ब्याचा आवाज आयकला नाई त्याले पैसे कावून द्यायचे? स्टील प्लांटच्या सेक्टरातल्या घरून निघालो आन् अहिवाऱ्यापर्यंत जाऊन आलो. कोणाले घ्यायचा असन त्यानं वाचा.

घरचा जुना अम्प्लिफायर जळला. टेप चांगला, स्पीकर चांगले. बायकोच्या मोठ्या बहिणीची, शांताबाईची, एक कॅसेट हाय. पोरीच्या लग्नात हळदीची गाणी गायली होती तिनं. शांताबाई मागच्या साली गेल्या. बायको म्हणे, "अजी, मले दुसरं काई नको. तिचा आवाज तेवढा आयकवा." बजेट पाच हजार.

एक स्पीकर, टेप आन् कॅसेट पोत्यात भरली, शेअर ऑटोनं सुपेल्याचा बाजार गाठला. दहाच्या आधी जाऊ नका, शटर बंद असते. पहिल्याच दुकानदारानं चमकता डब्बा पुढं केला.

"अंकल, पाँच हज़ार वॉट."

"पाच हजारात तर पिठाची चक्की चालते बाप्पा. तुह्या दुकानाचा मीटर तरी घेईन का?"

तो हसला. "अंकल, डिब्बे पे तो यही लिखा है." मंग त्यानंच सांगतलं, जुना ट्रान्सफॉर्मरवाला माल पायजे तर अहिवाऱ्यात एक मिस्त्री हाय.

बस पकडली. जामुलले थांबली तं भजे खाल्ले. तेल जुनं होतं, दुसऱ्यांदा खाणार नाई. पुढं सिमेंटचे ट्रकच ट्रक. खिडकी लावून बसा, नाईतर डोक्यावर सिमेंट घेऊन उतरान.

मिस्त्रीकडं सेकंडहँड होता, चार हजार, उचलाले जड. जड म्हणजे आत काईतरी हाय. आपलाच स्पीकर लावून पाहा, दुकानाच्या स्पीकरवर सगळंच चांगलं वाजते. कॅसेट लावली.

"आवाज साफ नाई," मी म्हटलं.

त्यानं ट्रेबल, म्हणजे बारीक आवाजाचं बटन, वाढवलं. मी म्हटलं आणखी. बटन शेवटपर्यंत गेलं तवा शांताबाई साफ आयकू आली. बाकावरच्या दोघा गिऱ्हाइकांनी कानावर हात ठेवले.

मिस्त्री म्हणे, "कका, कौन मिल में थे?"

"रेल मिल. तीस वर्ष रुळांच्या खणखणाटात."

"तो काकी को साथ लाना था."

मी म्हटलं, टिनाचं छप्पर हाय तुहं, आवाज घुमते. पैसे देल्ले आन् निघालो.

घरी जोडला, बटन तिथंच ठेवलं. बायको पहिल्याच ओळीले उठली. "अजी, कमी करा, कान फाटून राहिले."

कमी केलं. आणखी म्हणे. बटन अर्ध्यावर आलं तवा तिनं हात वर केला आन् खाली बसली.

"हेच. शांताच होय. पाहा, इथं दम घेते ती."

मले ढोलक आयकू येत होती. नुसती ढोलक. बायको डोळे मिटून ओठ हालवून राहिली होती, त्यावरून समजलं का गाणं चालू हाय.

पूर्ण बाजू झाली. पोरीच्या लग्नात मीच टेप धरून उभा होतो, तवा सगळं आयकलं होतं.

बायकोनं डोळे उघडले. "कशी गायली, नाई का?"

अम्प्लिफायर चांगला हाय, चार हजारात याच्यापेक्षा चांगला भेटत नाई. फक्त ज्याले आयकायचं हाय त्याले दुकानात संग न्या. बायकोले मी काय जवाब देल्ला ते इथं लिहत नाई, आन् कोणी विचारू बी नका.